सावाउची ग्राम-आरोग्ययोजना
जपानच्या इवाते प्रांतातील एका गरीब खेड्याने वृद्धांसाठी राबविलेली योजना. बर्फामुळे हिवाळ्यात सावाउचीचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटे आणि घरावर खर्चाचा भार नको म्हणून वृद्ध माणसे आजार अंगावर काढीत. १९५७ मध्ये ग्रामप्रमुख झालेल्या मासाओ फुकाझावा यांनी बुलडोझर लावून रस्ते खुले ठेवले व ग्रामस्थांसह आरोग्य समिती स्थापिली. परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. १९६० मध्ये ६५ वर्षांवरील वृद्धांच्या उपचारखर्चातील रुग्णाचा वाटा गावाने उचलला; पुढील वर्षी वयोमर्यादा ६० झाली. विमा कायद्याचा भंग होतो, या प्रांतिक शासनाच्या आक्षेपावर फुकाझावांनी संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. हा पायंडा इतरत्रही पडला व १९७३ मध्ये ७० वर्षांवरील वृद्धांना देशभर मोफत उपचार मिळू लागले. वाढत्या खर्चामुळे १९८३ पासून मात्र त्यांच्याकडून पुन्हा अल्प शुल्क घेतले जाऊ लागले.