विस्तवाची राखण : ब्रिस्केट, धूर आणि स्वयंचलित नियंत्रक

अमेरिकेतील टेक्सास राज्यात घरामागच्या अंगणात रात्रभर मांस धुरावण्याची प्रथा चांगली रुजलेली आहे. त्यासाठी बहुधा निवडले जाते ते ब्रिस्केट, म्हणजे गोवंशाच्या छातीकडचा पाच-सहा किलोंचा अखंड तुकडा. ओकसारख्या लाकडाच्या धुरात, १०७ ते १२१ अंश सेल्सिअस इतक्या मंद आचेवर, तो दहा-बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक काळ ठेवावा लागतो. एवढा वेळ विस्तव ना भडकू द्यायचा, ना विझू द्यायचा. पूर्वी या कामाला एक जागे माणूस लागत असे. आता अनेक घरांत त्या माणसाची जागा तळहातावर मावेल अशा एका डबीने घेतली आहे. तिची एक सळई भट्टीच्या जाळीवर असते आणि दुसरी मांसात खुपसलेली असते. भट्टीच्या तळाशी, हवा आत येण्याच्या वाटेवर, एक लहानसा पंखा बसवलेला असतो. उष्णता ठरवलेल्या अंकाच्या खाली गेली की पंखा फिरतो, निखाऱ्यांना हवा मिळते. अंक गाठला की पंखा थांबतो. चुलीपुढची फुंकणी आणि ती फुंकणारे माणूस अशी दोन्ही कामे ही डबी एकटीच करते.

साहित्याच्या अभ्यासकाने या डबीकडे का पाहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझ्या मते या डबीच्या इतिहासात इतिहासलेखनाचाच एक जुना पेच दडलेला आहे. विस्तवापाशी जागण्याची गरज संपवणाऱ्यांची नावे आपल्याला सनावळीसह ठाऊक आहेत. प्रत्यक्ष जागणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच ठाऊक असतात. असे का व्हावे, हे तपासण्याचा हा एक प्रयत्न आहे.

प्रथम या जागरणाचे कारण समजून घेतले पाहिजे. गुरांना माणसासारखे हासळीचे हाड नसते. त्यामुळे शरीराच्या पुढच्या भागाचा बराचसा भार छातीच्या स्नायूंना पेलावा लागतो. हे स्नायू कष्टाने चिवट झालेले असतात आणि त्यांत कोलॅजन नावाचे बंधक द्रव्य भरपूर असते. मंद उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटिन बनते, तेव्हाच मांस मऊ होते. आतले तापमान ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत थांबावे लागते ते यासाठी. वाटेत एक विलक्षण टप्पा येतो. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी तापमान अडते आणि कित्येक तास पुढे सरकत नाही. नवखा माणूस येथे धीर सोडतो आणि आच वाढवतो. वास्तविक मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जात असते आणि जाताना उष्णता घेऊन जात असते; उन्हाळ्यात आपल्या माठातले पाणी गार राहते त्याचेही कारण हेच. माठाला जे साधते तेच भट्टीतल्या मांसाला साधते, आणि म्हणून रात्र लांबते.

या रात्रीला एक सामाजिक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक स्थलांतरित आले. त्यांच्यातील खाटकांनी न विकले गेलेले मांस धुरावून विकण्याची आपल्या देशातील रीत सोबत आणली. कापूस वेचणीच्या हंगामात येणारे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजूर हे मांस दुकानात विकत घेत आणि ज्या कागदात बांधून मिळे त्याच कागदावर ठेवून खात. लॉकहार्ट या गावातील क्रॉइट्झ मार्केट १९०० साली सुरू झाले, ते अशाच दुकानांपैकी एक. तेव्हा केवळ ब्रिस्केट धुरावले जात नसे. जनावराच्या पुढच्या भागाचे जे मिळेल ते भट्टीत जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांस सुट्या तुकड्यांत, खोक्यांत भरून पाठवण्याची पद्धत रूढ झाली. या स्वस्त आणि चिवट तुकड्याला टेक्सासात मानाचे स्थान मिळाले ते त्यानंतर.

क्रॉइट्झ मार्केट ज्या कुटुंबाकडे आले होते, त्यात पुढे भाऊ-बहिणीत मतभेद झाले. १९९९ साली भाऊ दुकानाचे नाव घेऊन नव्या इमारतीत गेला. जुनी इमारत बहिणीकडे राहिली. त्या वेळी जुन्या भट्टीतील निखारे टबात भरून रस्त्याने ओढत नव्या भट्टीपर्यंत नेण्यात आले. विस्तवालाही वंशपरंपरा असते असे मानणारी ही कृती आहे. आपल्याकडे रात्री चुलीतले निखारे राखेखाली जपून सकाळी पुन्हा फुलवणाऱ्या घरांना ती परकी वाटू नये. ‘राख’ आणि ‘राखण’ या आपल्या दोन्ही शब्दांमागे संस्कृतातील ‘रक्षा’ उभी आहे, हेही येथे आठवते. परंतु दुकानाच्या पाटीवर नाव असते ते मालकाचे. शतकभर रात्री उठून त्या निखाऱ्यांवर लाकूड रचणाऱ्या सर्वांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

अमेरिकेच्या दक्षिणेत या अनामिकतेला आणखी एक, अधिक भीषण पदर आहे. तेथील मोठ्या बार्बेक्यू मेजवान्यांसाठी चर खणून, लाकडाचे निखारे करून, रात्रभर मांस भाजण्याचे काम दीर्घकाळ गुलामांकडून करवून घेतले गेले. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी शासनाच्या लेखक-प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदवल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स यांची मुलाखत आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री आपण रात्रभर जागून मांस शिजवत असू आणि त्यावर रस शिंपडत असू, असे ते सांगतात. त्या रसात काय काय पडे, तेही सांगतात. हे ब्रिस्केट नव्हे, आणि हे टेक्सासही नव्हे. तरीही विस्तवापाशी जागणाऱ्याने स्वतःच्या जागरणाविषयी दिलेली अशी साक्ष दुर्मीळ आहे. तीही पूर्णपणे त्याची नाही. मुलाखती घेणारे बहुतांश गोरे होते आणि त्यांनी वृद्धांची बोली आपल्या कानांना जशी ऐकू आली तशी, काही वेळा मुद्दाम वाकडी करून, लिहिली. आवाज उरला, पण दुसऱ्याच्या लेखणीतून, हा अनुभव मौखिक वाङ्मयाच्या संपादनाशी परिचित असलेल्या वाचकांना नवा नाही. बार्बेक्यूच्या रूढ इतिहासातून कृष्णवर्णीय आचाऱ्यांचे श्रेय कसे वगळले गेले, याची सविस्तर मांडणी एड्रियन मिलर यांनी ‘ब्लॅक स्मोक’ या ग्रंथात केली, ती २०२१ साली.

आता दुसऱ्या बाजूला, यंत्राच्या बाजूला, वळू. येथे नावांची वाण नाही. विस्तवाने स्वतःची राखण स्वतःच करावी, हे स्वप्न किमान चारशे वर्षे जुने आहे. आल्कमार येथे जन्मलेला डच संशोधक कोर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला होता. किमयेच्या प्रयोगांना दिवसेंदिवस एकसारखी आच लागे. ड्रेबेलने भट्टीत मद्यार्क आणि पारा असलेले काचपात्र ठेवले. भट्टी तापली की मद्यार्क प्रसरण पावून पाऱ्याला वर ढकली, पारा एका दांड्याला उचली आणि दांडा हवेची वाट बंद करी. भट्टी निवली की वाट पुन्हा उघडे. अंगणातल्या आजच्या डबीचे तत्त्व यात संपूर्णपणे आलेले आहे : विस्तवाला आवरायचे ते त्याचा श्वास आवरून.

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द मात्र आला १८३०च्या सुमारास आणि तो दिला अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडल्या तर उष्णतेने त्या वाकतात, या गुणावर त्याचे उपकरण आधारले होते. याच यूरने १८३५ साली ‘फिलॉसॉफी ऑफ मॅन्युफॅक्चर्स’ हा ग्रंथ लिहिला आणि कुशल पण मनस्वी कामगाराची गरज संपवणारा कारखाना हा प्रगतीचा आदर्श ठरवला. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या यूरला स्वयंचलित कारखान्याचा पिंडार म्हणून हिणवले. पिंडार हा विजेत्यांची स्तोत्रे गाणारा प्राचीन ग्रीक कवी. उपमेतला बोचरेपणा साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळा सांगायला नको. थर्मोस्टॅट या शब्दाचा जनक आणि कुशल हाताच्या उच्चाटनाचा भाट एकच असावा, ही गोष्ट मला निव्वळ योगायोगाची वाटत नाही.

पुढचा टप्पा तर शिक्षकांच्याच आवारातला आहे. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या विद्यालयात वॉरन जॉन्सन प्राध्यापक होते. हिवाळ्यात वर्ग पुरेसा उबदार आहे की नाही हे पाहण्यासाठी शाळेचा शिपाई वर्गावर्गांत डोकावे आणि मग तळघरात जाऊन हवेच्या झडपा कमी-जास्त करी. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातले तापमान बदलताच तळघरात घंटा वाजेल अशी विद्युत-योजना केली आणि १८८३ साली तिचे पेटंट घेतले. १८८५ साली मिनियापोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी खोली थंड झाली की भट्टीची झडप आपोआप उघडणारे यंत्र तयार केले. घंटेने शिपायाला निदान बोलावले तरी होते. आता तेवढेही कारण उरले नाही. जॉन्सन आणि बुट्झ यांच्या कामातून मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. व्हाइटवॉटरच्या शिपायाचे नाव त्या कथेत येत नाही.

आजच्या डबीत आणखी एका अनामिकाचा वाटा आहे. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनुभवी सुकाणूधारी काय करतो याचे त्यांनी निरीक्षण केले होते. तो जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. ते किती वेळ भरकटत आले आहे आणि कोणत्या वेगाने वळत आहे, हेही मनात धरतो. आताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग या तिहींवर उभे राहिलेले गणित पुढे ‘पीआयडी’ या नावाने प्रसिद्ध झाले. घरगुती भट्ट्यांच्या अनेक नियंत्रकांत आज तेच चालते. म्हणजे पंखा किती फिरावा हे ठरवणाऱ्या त्या सूत्रात खलाशांचा रात्रीचा अनुभव मुरलेला आहे. सूत्राला संशोधकाचे नाव आहे. अनुभव कोणाचा, हे नोंदलेले नाही.

येथे भावविवश होणे सोपे आहे आणि ते टाळले पाहिजे. जागरण ही स्वयमेव थोर गोष्ट नव्हे. चुलीपाशी आयुष्य घालवलेल्या आपल्या घरांतील स्त्रियांना कोणी झोप देऊ केली असती, तर त्यांनी ती आनंदाने घेतली असती. दिवसभर नोकरी करणाऱ्या टेक्सासमधील माणसाने शनिवारी रात्री भट्टी डबीच्या हवाली करून झोपावे, यात काहीही गैर नाही. त्याची स्वतःचीच झोप वाचते. यूरच्या कारखान्यात मात्र मजुराची राखण यंत्राकडे गेली आणि वाचलेला वेळ मालकाच्या पदरात पडला. यंत्राचे तत्त्व एकच असले, तरी कोणाचे जागणे संपले आणि त्यातून सुटलेला वेळ कोणाला मिळाला, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागतात.

शिवाय डबी जे मोजते तेवढेच तिला कळते. झाकण उघडले की आतली हवा क्षणात निवते. विस्तवच मंदावला असे समजून साधा नियंत्रक पंखा जोरात फिरवतो आणि झाकण लागल्यावर आच हवी त्याहून वर जाते. काही उत्पादकांनी त्यावर उपाय योजले आहेत. धुराचे मात्र तसे नाही. लाकूड नीट जळत असेल तर धूर पातळ, निळसर दिसतो. हवेअभावी धुमसत असेल तर दाट, पांढरा येतो आणि मांसाला कडवटपणा आणतो. दोन्ही वेळी अंक मात्र एकच असू शकतो. मांस तयार झाले की नाही, हेही अखेरीस सळई आत शिरताना हाताला किती विरोध होतो यावरूनच ठरते.

टेक्सासमधील लेक्सिंग्टन येथे २००३ साली ‘स्नोज’ नावाचे, फक्त शनिवारी उघडणारे दुकान सुरू झाले. २००८ साली ‘टेक्सास मंथली’ने ते राज्यातील सर्वोत्तम ठरवले आणि तेथील भट्टी राखणाऱ्या, १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ जगाला ठाऊक झाल्या. हे काम त्या १९६६ सालापासून करत आल्या होत्या. म्हणजे नाव होण्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे. शनिवारी मध्यरात्रीनंतर त्या भट्टीपाशी हजर होत. आठवड्याच्या इतर दिवशी त्या काय करत? गिडिंग्ज गावातल्या शाळेत साफसफाई आणि देखभालीचे काम करत असत. व्हाइटवॉटरच्या तळघरात झडपा सरकवणाऱ्या त्या शिपायाचे नाव आपल्याला मिळण्याची शक्यता कमीच. टोमानेट्झ यांचे मिळाले, ते कोणीतरी त्या गावी जाऊन विचारले म्हणून.