राष्ट्रीय फुटबॉल साखळी आणि तिचे दार

भारतात फुटबॉलच्या स्पर्धा पुष्कळ जुन्या आहेत. ड्युरंड चषकाचा आरंभ १८८८ साली सिमल्यास झाला. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. परंतु या स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या. मैदानात चिखल झाला, भरवशाचा गोलरक्षक आजारी पडला, की वर्षभराची मेहनत एका दुपारी संपली. साखळीचा न्याय निराळा असतो. तेथे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे, गुण मोजीत जावयाचे, आणि महिनोगणती चाललेल्या या हिशेबाच्या अखेरीस जो वर उरेल तो विजेता. कलकत्त्यात अशी साखळी १८९८ पासून चालत आली. पण ती एका शहरापुरती होती. सगळ्या देशाची साखळी सुरू होण्यास १९९६ चा डिसेंबर उजाडावा लागला.

पहिल्या वर्षी महासंघाने सावधगिरीने पाऊल टाकले. संघांचे दोन गट पाडून त्यांतील वरच्या संघांची दुसरी फेरी खेळविली गेली आणि फगवाड्याचा जेसीटी संघ पहिला राष्ट्रीय विजेता ठरला. दुसऱ्या वर्षी दहा संघ एकमेकांशी दोन दोन वेळा खेळले, एकदा आपल्या गावी आणि एकदा परगावी. काही काळ चाचपडून १९९९-२००० च्या सुमारास हीच रीत स्थिरावली. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. खालच्या श्रेणीतून वर येण्याची वाट होती, आणि तळाशी राहील त्याने खाली उतरावयाचे होते. साखळीचे हे खालचे दार वरच्या चषकाइतकेच महत्त्वाचे असते, ही गोष्ट आपल्याकडे फारशा गांभीर्याने घेतली गेली नाही.

या रीतीचा सर्वांत मोठा लाभ गोव्याने घेतला. १९९८-९९ मध्ये वास्कोच्या साळगावकर संघाने विजेतेपद मिळविले, २००४-०५ मध्ये धेंपोने. २००७ साली स्पर्धेने 'आय-लीग' हे नवे नाव धारण केले. त्याच्या आधीचा एक हंगाम धरून २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. त्यांपैकी चार धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची, एक साळगावकरांचे. धेंपोची एकंदर पाचही विजेतेपदे आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालची. कलकत्त्याच्या मोठ्या संघांचा लाखोंचा प्रेक्षकवर्ग एका बाजूस आणि खाणमालकांच्या आश्रयावर उभे असलेले या चिमुकल्या प्रदेशाचे संघ दुसऱ्या बाजूस; तरीही लांब पल्ल्याच्या साखळीत सातत्यच अखेर पुढे आले.

परंतु संघ चालविणे महाग होते आणि मैदाने ओस पडत होती. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुढच्याच वर्षी जेसीटीही. २०१४ साली व्यापारी बळावर आठ संघांची 'इंडियन सुपर लीग' निघाली. तिच्यात विजेता ठरे तो साखळीने नव्हे, तर साखळीनंतरच्या उपान्त्य व अंतिम सामन्यांनी. प्रवेश पैशाने मिळे आणि खाली उतरण्याची भीती कोणासच नव्हती. प्रेक्षक आले, हे मान्य केलेच पाहिजे.

२०१६ मध्ये या नव्या लीगला अग्रस्थान देऊन आय-लीगला खाली ढकलण्याचा बेत महासंघाने मांडला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा निषेध म्हणून बाहेर पडले. धेंपोचे दुर्दैव अधिक चमत्कारिक. २०१४-१५ मध्ये हा संघ खाली घसरला होता, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्याने वर येण्याचा हक्क मिळविला, आणि ज्या मजल्यावर चढावयाचे तोच खाली जाणार असे दिसताच त्यानेही माघार घेतली.

गोव्याच्या या रिकाम्या जागांचा योग मिझोरममध्ये जुळून आला. आयजोलचा संघ २०१५-१६ मध्ये नऊ संघांत आठवा येऊन खाली उतरविला गेला होता. नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स थेट प्रवेश मिळालेला असल्याने त्या शिक्षेतून मुक्त होता. नियमाचे हे तर्कशास्त्र समजून घेण्यास बरीच उदारबुद्धी लागते. गोव्याचे संघ गेले म्हणून आयजोलला परत बोलाविण्यात आले, आणि मुंबईत खेळून व शिकवून तयार झालेल्या खालिद जमील यांच्या हाताखाली त्याच संघाने २०१६-१७ ची साखळी मोहन बागानपेक्षा एक गुण अधिक मिळवून जिंकली. शिलाँगमधील अखेरच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती; ती त्यांनी साधली. विजेत्याने वरच्या लीगमध्ये जागा मागितली. ती मिळाली नाही.

२०१९-२० पासून सुपर लीगलाच देशातील प्रथम श्रेणी मानले जाऊ लागले. त्याच वर्षी साखळीतील अग्रस्थानासाठी निराळी ढाल ठेवण्यात आली. ती एफसी गोवाने पटकाविली व आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळण्याचा मान मिळविला. पण त्याच हंगामात उपान्त्य फेरीत तो संघ चेन्नईकडून दोन सामन्यांच्या बेरजेत एका गोलाने हरला, आणि अंतिम सामना फातोर्ड्यास, साथीच्या भयाने रिकाम्या ठेवलेल्या मैदानात, कलकत्त्याच्या एटीके संघाने जिंकला. चार महिन्यांच्या साखळीचा पहिला एक आणि वर्षाचा विजेता दुसरा!

वर येण्याचे दार पुन्हा उघडले ते २०२३ मध्ये. त्या वर्षी आय-लीग जिंकून पंजाबचा संघ सुपर लीगमध्ये गेला, पुढील वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग. खाली जाण्याचे दार मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत बंदच राहिले. तळाशी आलेल्या एकाही संघास उतरावे लागले नाही. त्याच हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला होता. पाच वेळा जिंकलेली साखळी तो आता दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा म्हणून खेळत होता.