इनाम गेले, पत गेली

वर्गात इतिहास शिकवताना ‘इनाम’ हा शब्द आला की आमची उर्दू माध्यमाची मुले ‘बक्षीस’ असा अर्थ सांगतात. तो चुकीचा नाही. पण सातारा-सांगलीच्या मातीत इनाम म्हणजे साऱ्याची पूर्ण किंवा काही माफी असलेली जमीन.

आदिलशाहीत काजी, खतीब, मुल्ला यांना आणि मशिदी-दर्ग्यांच्या दिवाबत्तीसाठी अशा जमिनी मिळाल्या. देवळांना, भटजींना, देशमुखांनाही मिळाल्या. शिवाजी महाराजांनी पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती पुढे चालवली, असे सभासद बखर सांगते. राज्ये बदलली, तरी पुष्कळ घरांची भाकरी याच सनदांवर चालू राहिली.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. त्यांचा दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. तासगावची पटवर्धनांची जहागीरही त्याच वर्षी गेली. (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता.) दरबार मोडला, तसा त्यावर जगणारा शिलेदार, कारकून, कारागीरही उघड्यावर आला.

मग १८५२ चा अकरावा कायदा आला. इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करण्याचा भार इनामदारावरच होता. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट पुरेशी नव्हती, कागद हवा होता. सनद वाळवीने खाल्ली असेल, आगीत गेली असेल, तर काय करायचे? देवस्थाने व मशिदींच्या इनामांना काही संरक्षण होते. व्यक्तिगत इनामे मात्र अनेकदा एक-दोन पिढ्यांपुरतीच मान्य झाली. १८५७ पूर्वीच्या पाच वर्षांत मुंबई इलाख्यात सुमारे ३५ हजार दावे तपासले गेले आणि त्यांतले सुमारे २० हजार नामंजूर झाले, असे इतिहासकार सांगतात.

‘जप्ती’ म्हणजे प्रत्येक वेळी जमीन हिसकावणे नव्हते. ज्याची स्वतःची जमीन होती, त्याच्यावर पूर्ण सारा बसला. ज्याला फक्त सारा वसूल करण्याचा हक्क होता, त्याचे उत्पन्नच बुडाले. त्याहून मोठा फटका पतीला बसला. निकाल लागेपर्यंत हक्क संशयात असे आणि संशयातल्या जमिनीवर सावकार कर्ज कशाला देईल? दिलेच तर व्याज चढे. लग्न, बैल, बियाणे, मुलाचे शिक्षण, सगळे तिथेच अडले.

बंगालमध्ये हे आधीच घडले होते. १८२८ पासून तिथल्या सारामाफीच्या जमिनींची कडक तपासणी सुरू झाली. त्यातून मुसलमानांची शिक्षणव्यवस्था कोसळली, असे खुद्द इंग्रज अधिकारी हंटर याने १८७१ साली लिहिले.

१८५७ च्या उठावानंतर सरकार नरमले. १८६३ च्या कायद्याने ठरावीक रक्कम दरसाल भरून उरलेल्यांना आपले इनाम कायम करून घेता आले. पण मधल्या काळात जे गहाण पडले, ते कोण सोडवणार?

कमिशनने तपासलेले पेशवे दप्तर आज पुण्यात जपलेले आहे. आपल्या घरातल्या पेटीत मात्र फारसी आणि मोडी कागद न वाचताच पडून आहेत. तबर्रुक म्हणून आपण त्यांना डोळ्यांना लावतो; वाचत नाही. आमच्या मुलांपैकी दोघांनी जरी ही लिपी शिकून घेतली, तरी आजोबांनी काय गमावले आणि काय राखले, हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.