वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेचा इतिहास

आपल्याकडील अनेक विद्यापीठांत एम.ए.च्या इतिहासाला अमेरिकेची एक प्रश्नपत्रिका असते. वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट आणि त्यांची युद्धे एवढ्यावर ती बहुधा भागते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथली आपली मुले टिपणे पाठ करतात, गुण मिळवतात आणि तो देश विसरून जातात. यांतल्या कितीतरी मुलांच्या आया दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतात. ज्या कापसावर त्यांची चूल पेटते, त्याच कापसाने प्रश्नपत्रिकेतला तो देश घडवला आणि एकदा मोडलाही, ही गोष्ट मात्र टिपणांत येत नाही. परक्या प्रदेशाचा इतिहास आणि राजकारण आपण कशासाठी शिकायचे, याचे उत्तर या गाळलेल्या जागेत आहे.

१८५३ साली निजामाकडील थकबाकीपोटी कंपनी सरकारने वऱ्हाड ताब्यात घेतले. आजचा यवतमाळ जिल्हा त्यातच आला. इंग्रजी अमलात तो बरीच वर्षे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होता. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे पाऊण हिस्सा तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई, आणि तो पिकवीत होते आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांचे वंशज. १८६० साली त्या देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. १८६१ ला यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि गिरणीमालकांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. मुंबईत कापसाचे भाव कडाडले. १८६५ ला युद्ध संपताच ते कोसळले. मुंबईच्या सट्टेबाजांचे दिवाळे कसे वाजले, हे इतिहासकारांनी रंगवून लिहिले आहे. पण भाव पडले तरी वऱ्हाडातला कापूस गेला नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची वाट कापूस वाहून नेण्यासाठीच पडली. पुढे 'शकुंतला' या नावाने लोकांच्या तोंडी बसलेली तिच्यावरची गाडी आता बंद पडली आहे.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली? नागपूर-वऱ्हाड भागात महार समाजातील असंख्य कुटुंबे जाडेभरडे कापड विणून पोट भरीत. गावकीची कामे आणि अस्पृश्यतेचा जाच होताच. पण हातात एक कसब होते आणि घरात माग होता. मँचेस्टरचे कापड गावोगाव आले आणि एकेक माग बंद पडत गेला. विणकर सालदार झाला, जिनात हमाल झाला, नागपूरच्या गिरणीचा कामगार झाला. ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्याच्याकडे वावर नव्हते आणि पेवात दाणा नव्हता, तो आधी मेला. मिसिसिपीचा गुलाम आणि वणीचा विणकर यांनी एकमेकांचे नाव कधी ऐकले नव्हते. लिव्हरपूलच्या एकाच बाजाराने दोघांच्या जगण्याचा भाव ठरवला.

ही दोन टोके जोडून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे आधी कोणाला आली? विद्यापीठाची पायरी न चढलेल्या जोतीराव फुल्यांना. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. जोतीराव अमेरिकेला गेले नव्हते. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा प्रश्न मनात धरून त्यांनी त्या देशाकडे पाहिले, आणि म्हणून त्यांना तिथले जे दिसले ते इथल्या पदवीधर शास्त्र्यांना दिसले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच दृष्टी विद्यापीठात नेली. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जगाचे ज्ञान मिळवायचे आणि त्याच्या उजेडात आपल्या गावकुसाबाहेरचा अंधार तपासायचा, ही त्यांच्या अभ्यासाची रीत होती.

पण त्याच कोलंबियात दुसरीही एक गोष्ट चालू होती. विल्यम डनिंग हे तिथले नामवंत प्राध्यापक. मुक्तीनंतरच्या १८६५ ते १८७७ या पुनर्रचनेच्या काळात काळ्या माणसांना मताधिकार मिळाला, ते विधिमंडळांत बसले. हा सारा काळ म्हणजे एक घोडचूक होती आणि काळे लोक राज्य करण्यास नालायक होते, असे डनिंग व त्यांचे शिष्य इतिहास म्हणून शिकवीत होते. मुक्तांना जमीन मिळू दिली गेली नाही, त्यांना बटईत आणि कर्जात जखडले गेले, मताधिकार दहशतीने हिरावला गेला, यावर या पांडित्याने पांघरूण घातले. त्याला सज्जड उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस या काळ्या विद्वानाने, १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. प्रदेशाचा इतिहास विद्यापीठात शिकवला जातो म्हणून तो खरा ठरत नाही. लेखणी कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारावे लागते. पोथ्या ज्यांनी लिहिल्या त्यांनीच आपल्याला पोथीबाहेर ठेवले, हे ज्यांच्या पिढ्यांनी भोगले त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्युबॉईसना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अभ्यासातून राजकारण कसे उभे राहते, ते या छोट्या पत्रव्यवहारात दिसते.

पुढे दिशा उलटली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला जगाचा प्रत्येक कोपरा समजून घ्यायचा होता. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने तिथल्या विद्यापीठांतील प्रदेश-अभ्यासाला सरकारी पैसा मिळाला. हेतू सत्तेचा होता. पण त्याच काळात तिथून आपल्याकडे आलेल्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर १९६९ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रबंध सादर केला, आणि गेल ऑम्व्हेट यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत संशोधन केले. इथल्या प्रस्थापित विद्वानांना जे अभ्यासाच्या योग्यतेचे वाटत नव्हते, ते या बायांनी अभ्यासले. त्यांचे ऋण मान्य करून विचारले पाहिजे : ते आपल्याला अभ्यासतात, आपण त्यांना का अभ्यासत नाही? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले, काळ्या कवींच्या कविता वाचल्या. पण त्या ओढीतून अभ्यासाची परंपरा किती उभी राहिली? १९५५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था निघाली, ती १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. १९७१ साली मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र सुरू झाले. या वाटा यवतमाळच्या सालदाराच्या पोरापर्यंत पोचल्या पाहिजेत.

एक सावधगिरी हवी. वर्ण आणि जात एक नव्हेत. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दाखवले आहे, की गुलामगिरी उघड असते, माणसाला आपले दास्य कळते. अस्पृश्यता धर्माच्या आडून येते. साम्याच्या मोहात हा फरक पुसला, तर तो अभ्यास राहत नाही, घोषणा होते.

आणि हा विषय भूतकाळात संपलेला नाही. २००२ साली एका अमेरिकन कंपनीच्या जनुकाचे बीटी बियाणे भारतात आले आणि यवतमाळच्या वावरांत पसरले. २०१७ साली याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप बांधून फवारणारे हात बहुधा मजुराचे असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढवली, आणि त्याच महिन्यात भारत सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले. वॉशिंग्टनमध्ये आणि दिल्लीत झालेल्या अशा निर्णयांचा धक्का वणीच्या बाजारात बसतो, आणि तिथून तो वेचणीच्या मजुरीपर्यंत उतरतो.

म्हणून इतिहासाच्या प्राध्यापकांना एक मागणे आहे. अमेरिकेची प्रश्नपत्रिका शिकवताना वर्गात एकदा कापसाचे बोंड ठेवा. विद्यार्थ्यांना जिल्ह्याचे जुने गॅझेटियर उघडायला लावा, गावातल्या म्हाताऱ्यांना बंद पडलेल्या मागांविषयी विचारायला लावा, आणि मग ड्युबॉईस वाचायला द्या. आपल्या दारातून निघालेला प्रश्न घेऊन जो जगाकडे जातो, त्याला कोणताही प्रदेश परका राहत नाही. 'शिका' या शब्दात बाबासाहेबांनी जग वगळलेले नव्हते.