अ‍ॅनिमस नदीचे पिवळे पाणी

* ही नदी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातली. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हर्टनजवळच्या बंद गोल्ड किंग खाणीचे तोंड पर्यावरण संरक्षण संस्थेची माणसे उकरत असताना आत तुंबलेले सुमारे ३० लाख गॅलन आम्लयुक्त पाणी सिमेंट क्रीक ओढ्यातून नदीत लोटले. पिवळा रंग लोहाचा. खडकातले पायराइट (लोह-गंधकाचे खनिज) हवा-पाण्याच्या संपर्कात आले की गंधकाम्ल तयार होते आणि त्यात इतर धातूही विरघळतात. आम्लता उतरली की लोहाचा गाळ तळाशी बसतो. जस्त आणि कॅडमियम मात्र नितळ दिसणाऱ्या पाण्यातही बऱ्याच प्रमाणात विरघळलेलेच राहतात, आणि माशांना ते फार घातक असतात. त्यामुळे ‘रंग ओसरला, नदी पूर्ववत झाली’ असे म्हणणे मान्य करता येत नाही. शिवाय, आसपासच्या जुन्या खाणींतून असे आम्लयुक्त पाणी या घटनेआधीही कित्येक दशके झिरपत होते. — संपा.