खाद्य व्यवसायातील कामगारांसाठी अन्न सुरक्षा प्रशिक्षण : कोणाला, कसं आणि कशासाठी?

निकाहची दावत असो, वलीमा असो की रमजानमधली इफ्तारी, आपल्याकडे शेकडो माणसांचं जेवण एका वेळी शिजतं. बिर्याणी-कबाबच्या गाड्या, खानावळी, बेकऱ्या, घरातून डबे आणि ऑर्डर देणाऱ्या भगिनी, दावतीचे बावर्ची अशा कितीतरी कुटुंबांची रोजी याच धंद्यावर चालते. मात्र परवाना आणि प्रशिक्षण यांत पुष्कळदा गल्लत होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परवाना धंद्याचा

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार विक्रीसाठी अन्न तयार करणाऱ्याला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. घरातून ऑर्डर घेणाऱ्यांनाही सूट नाही. २०११ च्या नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी झाली. अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर सध्याची मर्यादा पाहून घ्यावी. मिळणारा १४ अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए करतं.

प्रमाणपत्र माणसाचं

केंद्राच्या एफएसएसएआय या प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित ‘अन्न सुरक्षा पर्यवेक्षक’ असावा, अशी त्यात अपेक्षा आहे. त्याने शिकायचं आणि बाकीच्यांना शिकवायचं. केटरिंग आणि रस्त्यावरचे विक्रेते यांच्यासाठी वेगवेगळे वर्ग आहेत. मूलभूत वर्ग काही तासांचाच असतो. शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. नाव नोंदवताना मान्यताप्राप्त संस्था निवडावी आणि वर्ग कोणत्या भाषेत आहे ते आधी विचारावं. जो प्रत्यक्ष देगजवळ उभा राहतो, त्यालाच पाठवावं. मालकाने कागद भिंतीवर लावला आणि बावर्चीला काहीच ठाऊक नाही, तर उपयोग शून्य.

शिजलेलं अन्न का बिघडतं?

“इतकं उकळलंय, आता काय होणार?” असं आपण म्हणतो. पण तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मटणाच्या मोठ्या देगमध्ये, मधला भाग तासन्‌तास कोमट राहिल्यामुळे, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. फिरनीत जखमेच्या हातातून स्टॅफिलोकोकस जाऊ शकतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा आहे. दुपारी शिजवून रात्री वाढलेली दावत नेमकी याच पट्ट्यात सापडते.

हलाल आहे, मग हे कशाला?

हलाल प्रमाणपत्र जबीहा आणि घटक पदार्थ यांची खात्री देतं. देग किती वाजता उतरली, हे ते सांगत नाही. अन्न हलालसोबत तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगलंही हवं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

रोजच्या कामात पाळायच्या गोष्टी

- कच्चं मांस आणि शिजलेलं अन्न यांच्या सुऱ्या, पाट, भांडी वेगळी ठेवा.
- वाढेपर्यंत जेवण ६० अंशांच्या वर ठेवा. साधा थर्मामीटर जवळ असू द्या.
- उरलेलं अन्न देगमध्येच सोडू नका. पसरट ट्रेमध्ये पातळ थरात काढून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.
- जुलाब, उलट्या, ताप असलेल्याला त्या दिवशी कामावर घेऊ नका. हाताला जखम असेल तर ती झाकून हातमोजा घालू द्या. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी नियमानेच करायची आहे.
- तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. त्यातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही.
- कबाब-समोसे वर्तमानपत्रात बांधू नका. त्याला मनाई आहे.

दावत देणाऱ्यांनी काय विचारावं?

केटररला भावासोबत तीन प्रश्न विचारा : नोंदणी क्रमांक काय? प्रशिक्षण कोणी घेतलंय? देग किती वाजता उतरणार? उरलेलं जेवण मदरशात किंवा यतीमखान्यात पाठवण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण ते लहान मुलांच्या ताटात जाणार असतं. म्हणून किती वाजता शिजलं ते सोबत कळवा. कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त पडून राहिलेलं जेवण पाठवू नका. देग उतरताच त्यांचा वाटा वेगळा काढून गरम असतानाच पोहोचवला, तर सवाबही मिळेल आणि मुलंही सुखरूप राहतील.