शेजारणीचं भांडं

काही वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला गेले होते. दिवस डिसेंबरचे. बेळगावहून निघताना डिंक, आळीव, खारीक, सुंठ असं सगळं बांधून घेतलं होतं. थंडीची कल्पना होती, पण उजेडाची नव्हती. तिकडं पाचच्या आत सूर्य मावळतो. आम्ही दिवस असताना जेवणारी माणसं. चारलाच माझी व्याळूची धावपळ सुरू व्हायची, आणि जावई ऑफिसातून येईपर्यंत आमची भांडी घासून पालथी घातलेली असायची.

लेक दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवून आत आल्या. वय ऐंशीच्या आसपास. दोन्ही हातांत जड बिडाचं भांडं, वर झाकण. आतमध्ये भाज्यांचा दाट रस्सा होता, अजून वाफ निघत होती. लेकीनं सांगितलं, "आई, आपण मांस खात नाही म्हणून आजींनी त्यात डुकराचं मांस घातलेलं नाही. मुद्दाम वेगळं शिजवलंय." मी झाकण उचलून पाहिलं. गाजर, बटाटा, सलगम, कांद्याच्या कुळातला तो जाड दांड्याचा लीक. कोबीची चार पानं सोडली तर सगळं कंदमूळ.

मी हसून आभार मानले आणि भांडं ओट्यावर ठेवलं. जावई त्या आठवड्यात बाहेरगावी होता, खाणारं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी मी तो रस्सा टाकून दिला. भांडं घासून, पुसून, दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातून परत पाठवलं, तेही रिकामं. लेक वर आली ती गप्पच. मग म्हणाली, "आजींनी विचारलं, आवडलं का? मी हो म्हटलं." जरा थांबून म्हणाली, "खोटं बोलले मी, आई."

मला ते लागलं. अनंतकाय जीवांची हिंसा नको म्हणून मी भांडं बाजूला सारलं, ते माझ्या नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पण त्या नियमापायी ओल्या बाळंतिणीला खोटं बोलायला लावलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे तर मला लहानपणापासून माहीत. तेही मी विसरले.

बाळ झोपलं की दुपारी आम्हाला दुसरं काम नसायचं. लेक ग्रंथालयातून पुस्तकं आणायची आणि मला वाचून, सांगून दाखवायची. मी तिला एकच विचारलं होतं, "या लोकांचं सगळं जेवण जमिनीखालीच कसं गं?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आमचा महिना गेला.

पहिली गोष्ट कळली ती चुलीची. आपल्याकडं गावात किती उंबरे, किती चुली असं विचारतात ना, तसंच जुन्या फ्रान्समध्येही होतं. घर मोजायचं ते विस्तवावरून. १३२८ साली राजाच्या कारभाऱ्यांनी करासाठी गावांची मोजदाद केली, तीही माणसांची नाही, तर 'फ' म्हणजे विस्तवांची. एक विस्तव म्हणजे एक कुटुंब. त्या विस्तवावर धुराड्यातून दात्यांची लोखंडी आकडी लोंबायची आणि तिला भांडं टांगलेलं असायचं. आकडी वर-खाली केली की आच कमी-जास्त. नव्या घरात राहायला गेल्यावर जेवण घालतात त्याला तिकडं आजही 'आकडी टांगणं' म्हणतात. त्या भांड्यात शिजणाऱ्या रश्श्याला 'पोताज', आणि घरामागच्या भाजीच्या वाफ्याला 'पोताजे'. म्हणजे वाफ्याचं नाव भांड्यावरून पडलेलं. आणि 'सूप' हा शब्द आधी रश्श्याचा नव्हताच. वाडग्याच्या तळाशी शिळ्या पावाचा तुकडा ठेवून त्यावर रस्सा ओतायचे, त्या तुकड्याला सूप म्हणायचे. भाकरी कुस्करून आमटीत घालतो आपण, तसंच की.

मग एक पुस्तक सापडलं, १३९३ च्या सुमाराचं. पॅरिसमधल्या एका वयस्क नवऱ्यानं आपल्या नव्या बायकोसाठी लिहिलेलं. ती लग्नाच्या वेळी पंधरा वर्षांची. घर कसं चालवावं, नोकरांशी कसं वागावं, बागेत कधी काय लावावं, आणि स्वयंपाक. नवऱ्यानं आपलं नाव दिलेलं नाही, आणि पोरीला काय वाटलं हे तर कुणी लिहूनच ठेवलं नाही. त्या पुस्तकात लीकचा रस्सा आहे, कोबी आहे, वाटाणा आहे. पण मला थबकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. एकेका पदार्थाच्या दोन रीती दिल्यात. एक मांसाच्या दिवसाची आणि एक मांस वर्ज्य असलेल्या दिवसाची.

हे मला ठाऊकच नव्हतं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, शिवाय दर शुक्रवार आणि आणखी कितीतरी वार धरून वर्षातला मोठा काळ त्या लोकांना मांस वर्ज्य होतं. जुन्या काळी त्या चाळीस दिवसांत अंडी, दूध, लोणीही नाही. मासे चालायचे, पण समुद्रापासून लांब राहणाऱ्या गरिबाला ताजा मासा कुठला मिळणार? त्याच्या भांड्यात कोबी, वाटाणे आणि कंद. १६५१ साली ला व्हारेन नावाच्या स्वयंपाक्याचं गाजलेलं पुस्तक निघालं, त्यातही मांसाच्या दिवसांचे, साध्या दिवसांचे आणि चाळीस दिवसांच्या व्रताचे पदार्थ वेगवेगळे लावलेत. आपण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळतो, चातुर्मासात आणखी चार गोष्टी सोडतो. दिनदर्शिकेकडं बघून चूल पेटवणाऱ्या बायका तिकडंही होत्या.

त्यांचा चौथा हेन्री राजा म्हणे, माझ्या राज्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या भांड्यात दर रविवारी कोंबडी शिजावी असं म्हणायचा. ही गोष्ट शाळेत मुलांना सांगतात. लेकीनं वाचून दाखवली तेव्हा मला कोंबडीचं काही वाटलं नाही. मनात आलं ते एवढंच, की रविवारची एक कोंबडी हे राजाचं स्वप्न असेल, तर उरलेले सहा दिवस त्या बाईच्या भांड्यात काय होतं? भाजीच ना!

आणि ती भाजी जमिनीखालची का, हे कळायला मला १७०९ पर्यंत यावं लागलं. त्या वर्षी ५ जानेवारीच्या रात्री फ्रान्समध्ये अशी थंडी पडली, की नद्या गोठल्या, झाडांची खोडं तडकली, शेतात पेरलेला गहू मातीतच मेला. त्या थंडीनं आणि मागोमाग आलेल्या उपासमारीनं, रोगराईनं दोन वर्षांत सुमारे सहा लाख माणसं गेली असं इतिहासकार धरतात. वसंतात लोकांनी घाईनं जव पेरला, त्या जवानं पुष्कळ जणांना तारलं. हा टोकाचा हिवाळा झाला. पण साध्या हिवाळ्यातही नोव्हेंबरनंतर मार्चपर्यंत मळ्यात तोडायला फारसं काही नसतं. तेव्हा सलगम, गाजरं शरदात उपटायची, तळघरात वाळूत पुरायची आणि रोज एकेक काढून भांड्यात टाकायची. झाडानं स्वतःच्या पुढच्या वर्षासाठी मुळात साठवलेलं अन्न माणसानं आपल्या हिवाळ्यासाठी घेतलं. आपल्या शास्त्रात कंदात अनंत जीव म्हटलेत. इतका जीव त्यात साठलेला असतो, म्हणून तर ते तळघरात चार महिने टिकत असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं.

बटाटा या सगळ्यात अगदी अलीकडचा. अमेरिकेतून आला, पण फ्रान्समध्ये बराच काळ लोक त्याला जनावरांचं खाणं समजत. पार्मांतिए नावाचा एक औषधी जाणणारा माणूस सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला, तिथं त्याला बटाटेच खायला मिळाले आणि तो धडधाकट परत आला. मग त्यानं बटाट्याचा ध्यासच घेतला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकविद्यापीठानं बटाटा खाण्याजोगा ठरवला. आज लीक-बटाट्याच्या सूपला त्याचंच नाव आहे आणि पॅरिसमध्ये त्याच्या समाधीवर लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. हे ऐकून मी आधी हसले. मग हसू ओसरलं. ज्या घरात पोरं उपाशी निजली असतील, त्या घरानं का ठेवू नयेत?

तरी माझा नियम काही बदलला नाही. बदलायचाही नव्हता. दोन गोष्टी मला तिथल्या भांड्यात चालण्यासारख्या नव्हत्याच. एक कंद. दुसरं, ते भांडं दोन-दोन दिवस आकडीवर राहायचं, रोज नवं पाणी, नवी भाजी. आपल्याकडं कालचं अन्न आज चालत नाही. लेकीनं चिडवलं, "सुंठ चालते, हळद चालते, गाजर नाही?" मी म्हटलं, "ती वाळलेली असतात गं बाई." ती म्हणाली, "मग या लोकांचं वाळलेलं काय आहे ते शोधू या."

आणि ते सापडलं, आमच्यापासून फार लांबही नव्हे. ऱ्होन नदीपलीकडं आर्देश आणि सेव्हेनचा डोंगराळ मुलूख आहे. तिथं गहू धड पिकत नाही, म्हणून शतकानुशतकं लोक चेस्टनटवर जगले. त्या झाडाला ते 'पावाचं झाड' म्हणतात. शरदात फळं वेचायची, दगडी खोपटात वरच्या फळ्यांवर पसरायची आणि खाली कित्येक आठवडे मंद धूर धरायचा. वाळून खडखडीत झाली की टरफलं झोडपून काढायची. मग हिवाळाभर त्यांचा रस्सा. सगळं झाडावरचं, नि वाळलेलं! त्याच्या जोडीला वाळलेला पांढरा घेवडा आणि लाल भोपळा, हे दोन्ही सोळाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आलेले. जव तर जुनाच. कोबीही जुना.

मग मी भांडं चढवलं. दीड वाटी पांढरा घेवडा रात्री भिजवला. वाळलेले चेस्टनट वीस-पंचवीस, तेही वेगळे भिजवले. सकाळी पाणी बदलून दोन्ही मऊ शिजवले. अर्धी वाटी जव घातला. अर्धा कोबी पान न् पान सुटं करून, उजेडात धरून, पाहून, धुऊन चिरला. अर्धा किलो भोपळ्याच्या मोठ्या फोडी शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. सेलरीचे दोन दांडे, तमालपत्र, थाइमच्या काड्या, मिरी, मीठ. कांदा-लसूण नाही, तेव्हा चव यायला मिरी जरा सढळ हातानं घातली आणि उतरवताना दोन चमचे साजूक तूप. दोन तास मंद आचेवर. रस्सा असा दाट झाला, की चमचा उभा राहावा. तिकडं नैऋत्य भागात अशा रश्श्याची हीच परीक्षा सांगतात.

चारच्या आत लेकीला वाडगाभर दिला. तिनं पुसून खाल्ला. उरलेलं भांडं घेऊन आम्ही दोघी खाली गेलो, बाळ दुलईत गुंडाळून.

आजींना मी मराठीत सांगितलं, लेकीनं फ्रेंचमध्ये. तुमचं जेवण आम्ही खाल्लं नाही. आमच्या धर्मात जमिनीखालचं चालत नाही. ती खोटं बोलली, चूक माझी. हे म्हणताना माझे कान तापले होते. आजी काही बोलल्या नाहीत. आधी त्यांनी रस्सा वाटीत घेतला, दोन चमचे खाल्ला, चेस्टनट ओळखला आणि मान हलवली. मग सांगू लागल्या.

युद्धात जर्मनांचा ताबा होता तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. बटाटे सगळे जर्मन उचलून न्यायचे. लोकांना उरायचे ते रुताबागा आणि तोपिनांबूर, एरवी गुरांपुढं टाकायचे कंद. सकाळ-संध्याकाळ तेच, पाण्यात उकडलेले. त्यांच्या आईनं चार हिवाळे त्यांवर काढले. "आता ते पुन्हा बाजारात येतात, महागही असतात," आजी म्हणाल्या. "माझी सून आणते. माझ्या भांड्यात मी ते घालू देत नाही."

लेकीनं मला ते सांगितलं, तेव्हा आजी माझ्याकडंच बघत होत्या. बाळ तेवढ्यात रडलं, म्हणून आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी माझं भांडं परत आलं. आत अक्रोड होते, ग्रेनोबलचे, टरफलासकट.